विचारून केलेली हातबोशी

अश्दोद, २ मार्च २०२२

चि. बेला,

शालोम. परवा फोनवर तू "सगळं ठीक आहे आत्या" असं इतक्या घाईत म्हणालीस की काहीच ठीक नाही हे मला तिथेच कळलं. मग तुझ्या चुलतसासूला फोन लावला. ती बिचारी कोणाचं काही लपवून ठेवत नाही. तुझ्या भावाला, इनॉकला पोलीस घेऊन गेले, औषधाच्या दुकानातल्या मुलीने तक्रार केली, तुझ्या नवऱ्याने, जेकबने वकील आणला, इनॉक जामिनावर घरी आला, आणि हे सगळं सख्ख्या आत्याला तिसऱ्याच बाईकडून कळावं!

असो. काय झालं असेल ते मी ओळखलं आहे. त्याने त्या मुलीशी हातबोशी केली असणार. समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा, मग आपली बोटं ओठांना लावायची, ही आपली रीत त्याला लहानपणी मीच शिकवली. सिनेगॉगमध्ये कोणालाही वगळायचं नाही, हेही मीच शिकवलं. सदतीस वर्षांचा झाला तरी पोर अजून तेवढंच आज्ञाधारक आहे. त्या मुलीला आपली रीत काय ठाऊक? तिला वाटलं असेल भलतंच. तू चिकाचा हलवा घेऊन जा, नीट समजावून सांग, प्रकरण मिटेल.

शिवाय त्याच्या नावाने नवसाचा मलिदा कर. आणि लग्नाचं बघ. इथे इस्रायलमध्येच, दिमोनात एक स्थळ आहे, मुलीला ऐकायला कमी येतं, पण स्वयंपाक उत्तम करते. लग्न झालं की पुरुष वळणावर येतो. तुझ्या पप्पांचं उदाहरण घरातलंच आहे.

पत्रानेच उत्तर दे. फोनवर इनॉक तुझ्या शेजारी बसलेला असतो आणि तू मला हवामान सांगतेस.

तुझी,
आदिना आत्या

*

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
२७ मार्च २०२२

ती. आदिना आत्या,

शालोम. पत्र मिळालं. कोणाला वेगळं कळवण्याचे माझे कष्ट तू वाचवलेस, कारण तुझा फोन झाल्यावर चुलतसासूबाईंनी उरलेल्या पनवेललाही सांगितलं.

आत्या, ती हातबोशी नव्हती. तुला खरं सांगते, कारण इथे कोणीच खरं बोलायला तयार नाही. इनॉक काउंटरच्या आत गेला. ती दुकानातली मुलगी, अंकिता, पाठमोरी उभी राहून औषधं लावत होती. त्याने तिला मागून घट्ट धरलं, ती सोड म्हणत होती तरी सोडलं नाही, आणि हात नको तिथे गेला. बाहेरच्या गिऱ्हाईकांनी ओढून काढलं तेव्हा सुटली. ती सव्वीस वर्षांची आहे. त्यानंतर आठवडाभर कामावर आली नाही. हलवा घेऊन मी कोणत्या तोंडाने जाऊ?

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. शेजारणींचे हात धरणं, जवळ जाऊन उभं राहणं, हे आपण सगळे बघत होतो आणि "तो लहान आहे" म्हणून हसत होतो. लहान कसला? दाढी करतो.

कोर्टाने अट घातली आहे. त्या दुकानाच्या रस्त्याला जायचं नाही आणि उपचार घ्यायचे. सिनेगॉगच्या कमिटीनेही सांगितलंय की उपचारांचं काय होतं ते बघू, तोवर त्याला आणू नका. मला कोर्टाचं वाईट वाटलं नाही, पण हे लागलं. इनॉकला सगळ्या आठवड्यात सिनेगॉगइतकं दुसरं काही आवडत नाही. दर शनिवारी पांढरा सदरा घालून दाराशी बसतो आणि विचारतो, "आज?" मी नाही म्हणते. तो सदरा काढून घडी करून ठेवतो. दारफाळणीच्या सणाला, दारं लावून दिवसभर प्रार्थना करायच्या त्या उपवासाच्या दिवशी तरी त्याला तिथे नेता यावं, एवढीच माझी इच्छा आहे.

उपचार सुमतीबाई म्हात्रे करतात. पळस्प्याच्या बाजूला एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी चार-पाच जण येतात, सगळे इनॉकसारखे. व्याख्यान नाही, उपदेश नाही. सोपी वाक्यं, चित्रं आणि तेच तेच पुन्हा. जमिनीवर रांगोळीने वर्तुळं काढतात: आतल्या वर्तुळात घरची माणसं, मग ओळखीची, मग दुकानदार, बाहेर अनोळखी. कोणत्या वर्तुळातल्या माणसाशी काय चालतं, ते त्या वर्तुळात उभं राहून करून दाखवायचं. नियम तीनच, घरच्यांनाही लागू. एक हात लांब उभं राहा. विचारा, "चालेल का?" नाही म्हटलं तर एक पाऊल मागे या आणि म्हणा, "बरं."

घरीही सराव करून घ्यायचा असतो. काल जेकब माझी ओढणी घेऊन दिवाणखान्यात बसस्टॉपवरची बाई झाला होता. तेवढ्यात समोरच्यांची मुलगी पूर्वी वाटी परत करायला आली आणि वाटी घेऊन तशीच मागे गेली. आज सोसायटीत विचारणा झाली, जेकब अंकल नाटकात काम करतात का?

तुझी,
बेला

*

अश्दोद, २० एप्रिल २०२२

चि. बेला,

शालोम. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून. त्या मुलीला त्रास झाला हे वाईट झालं, मी नाही म्हणत नाही. पण मतिमंद पोराला कोर्टकचेरी करून वर रांगोळीत उभं करायचं, हा कसला उपचार? औषध नाही, गोळी नाही. सुमतीबाई स्वतः शिकलेल्या आहेत ना?

आणि घरच्या माणसांनीही विचारायचं म्हणे! तुला दूध पाजलं ते तुला विचारून का? इनॉकला मी न्हाऊ-माखू घातलं, त्याच्या गालाचे मुके घेतले, कधी "चालेल का" म्हटलं नाही आणि त्यानेही कधी तक्रार केली नाही. एक हात लांब उभं राहायचं तर तो करोना संपला कशाला?

जेकबला म्हणावं, ओढणी घेतली ती घेतली, निदान दार तरी लावून घे. आपल्या घराण्यात जावई नाटकात नव्हते कधी.

दिमोनाच्या स्थळाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस.

आदिना आत्या

*

खांदा कॉलनी, २२ मे २०२२

ती. आत्या,

शालोम. दिमोनाबद्दल लिहिते: नको. ज्याला "नाही" ऐकता येत नाही अशा माणसाला बायको आणून देणं हा उपचार नव्हे, दुसऱ्या मुलीवर अन्याय आहे. तिला ऐकायला कमी येतं हे तर त्याहून वाईट. आणि "मतिमंद" आता म्हणत नाहीत, बौद्धिक अक्षमता म्हणतात. तू म्हणत राहशील हे मला माहीत आहे, पण सांगून ठेवलं.

गेल्या महिन्यात सुमतीबाईंनी घरच्यांना बोलावलं आणि शरीराबद्दल सरळ बोलल्या. मनात तसं काही येणं हा गुन्हा नाही, ते आपल्या खोलीत, दार लावून, एकट्याने. दुसऱ्याच्या अंगावर नाही. चित्रं दाखवून. जेकब त्या तासाभरात चार वेळा पाणी प्यायला बाहेर गेला. मी मान खाली घालून बसले होते, मग मला रडूच आलं. आत्या, सदतीस वर्षांत त्याला याबद्दल कोणी एक वाक्य सांगितलं नव्हतं. जे शिकवलंच नाही त्यात तो नापास झाला, आणि फळ भोगलं त्या मुलीने.

माझ्या शेजारी ओवे गावच्या भामाबाई होत्या. त्यांचा महादेव चाळिशीचा आहे, गटात इनॉकचा मित्र झाला आहे. जमिनी गेल्या, बिल्डिंगा आल्या, भामाबाईंच्या अंगावर सोनं आणि तोंडात तीच जुनी बोली. मला रडताना बघून म्हणाल्या, "रडू नको गो. आमी पन धा वरसं हेच सांगला, माजा म्हादू साधा हाय, त्याला काय कलत नाय. ही बाय सांगतं कलतंय, तुमीच शिकवला नाय. मना पयला राग आला. मंग घरी जाऊन इचार केला, बाय खोटा नाय बोलत." मग त्यांनी डब्यातून तांदळाची भाकरी आणि सुकट काढली. आपल्याला सुकट चालते का, हे त्यांनी विचारलं. आत्या, त्या हॉलमध्ये सगळेच विचारायला लागले आहेत.

इनॉकचं म्हणशील तर नियम त्याला पाठ झाले आहेत. आता ते आमची पाठ सोडत नाहीत. डॉक्टरांनी रक्तदाब बघायला हात धरला, तर म्हणाला, "विचारलं नाही." डॉक्टरांना दारापासून पुन्हा यायला लावलं. न्हाव्याने मान वाकवली तेव्हाही तेच. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एका बाळाचा गालगुच्चा घेतला, तर हा मध्ये उभा राहिला: "बाळ बोलत नाही. म्हणजे हो नाही." काकू आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या. आणि रिक्षावाल्याला तो औषधाच्या दुकानाच्या रस्त्याने जाऊ देत नाही. "तो रस्ता मला बंद आहे," एवढंच सांगतो. आम्ही स्टेशनला जायला अख्ख्या कॉलनीला प्रदक्षिणा घालतो.

हसायला येतं, पण सुमतीबाई मला हसू देत नाहीत. म्हणाल्या, नियम पाठ होणं वेगळं आणि गरजेच्या वेळी आठवणं वेगळं. वर्षभर तरी धीर धरा. कमिटीला सुमतीबाई ऑगस्टमध्ये आपलं मत कळवणार आहेत. तोवर काही गडबड होता कामा नये.

बेला

*

अश्दोद, १५ जून २०२२

चि. बेला,

शालोम. भामाबाई मला आवडल्या. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझं पत्र वाचून मी बरेच दिवस विचार केला. तुझ्या सुमतीबाईंच्या उपचारात सगळं आहे, एक गोष्ट नाही: माफी. आपल्याकडे उपवासाच्या आधी ज्याला दुखावलं त्याच्यासमोर जाऊन माफी मागायची रीत आहे. देवाचा अपराध देव माफ करतो, माणसाचा माणसानेच करावा लागतो. हे कोणी त्या पोराला सांगितलंच नाही, आणि कमिटी त्याला आत घ्यायला तयार नाही, यात नवल काय?

म्हणून काल तू बँकेत असताना मी घरी फोन केला. इनॉकला नीट समजावलं. त्या मुलीकडे जा, हातबोशी कर, माफ कर म्हण. तो म्हणाला, रस्ता बंद आहे. मी म्हटलं, माफीला सगळे रस्ते उघडे असतात. त्याने तीनदा म्हणून दाखवलं. तू काळजी करू नकोस, हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत सगळं मार्गी लागलेलं असेल.

आदिना आत्या

*

खांदा कॉलनी, १७ जुलै २०२२

आत्या,

शालोम लिहायची इच्छा नव्हती, पण सवयीने लिहिते.

तुझं पत्र मिळालं तेव्हा सगळं मार्गी लागून दोन आठवडे झाले होते. फोन ठेवल्यावर इनॉक उठला, पांढरा सदरा घातला आणि दुकानाच्या रस्त्याला गेला. घरात कोणी नव्हतं. दुकानाच्या समोरच्या फुटपाथवर थांबला, कारण एक हात लांब उभं राहायचं आणि त्याला वाटलं जरा जास्तच लांब बरं. आणि तिथून, मधून रिक्षा आणि बस जात असताना, जोरात ओरडला: "अंकिता, आत्याने सांगितलंय, माफ कर. हातबोशी चालेल का?"

सगळा रस्ता थांबून बघायला लागला. अंकिता ओरडली, "नाही." इनॉक म्हणाला, "बरं," एक पाऊल मागे आला, तिथे एका केळीवाल्याच्या गाडीला धडकला, त्यालाही विचारायचं राहिलं म्हणून त्याची माफी मागितली आणि घरी आला. संध्याकाळी मला मोठ्या आनंदाने सांगितलं, "मी विचारलं. ती नाही म्हणाली. मी बरं म्हटलं." त्याच्या मते परीक्षेत पहिला आला होता.

हे वाचून तुला हसू आलं असेल. मलाही आलं, आणि लगेच लाज वाटली. मी अंकिताला फोन केला, भेटायला आले तर चालेल का विचारलं. ती भेटली. म्हणाली, "तो ओरडला तेव्हा दुकानाचं शटर ओढून आत बसले मी. त्याने माझं 'नाही' ऐकलं आणि गेला, हे खरं आहे, ते मी पोलिसांनाही सांगितलं. पण ताई, मला त्याची माफी नको आहे. मला दुपारचं दुकान एकटीने उघडता यायला हवंय. माफी मागायला येणारा माणूससुद्धा न विचारताच येतो ना?"

यावर तुला काही बोलता आलं तर लिही.

वकिलाला पुन्हा कोर्टात जावं लागलं. इन्स्पेक्टरने इनॉकला तंबी दिली. कमिटीला कळलंच. अध्यक्षांनी सुमतीबाईंचं मत येण्याआधीच कळवलं, यंदाच्या उपवासाला त्याला आणू नये. इनॉकला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण मी बरं म्हटलं होतं." आत्या, आपण दोघी त्याच्यासाठी जे मागत होतो तेच तुझ्यामुळे गेलं.

बेला

*

अश्दोद, १२ ऑगस्ट २०२२

चि. बेला,

शालोम. ती मुलगी म्हणते ते खरं आहे. हेच माझं उत्तर आहे.

वीस सप्टेंबरच्या विमानाचं तिकीट काढलं आहे. अध्यक्षांना मी वेगळं पत्र टाकलं आहे, की रस्ता बंद आहे हे त्या पोराला माहीत होतं आणि त्याला तो मोडायला मी लावलं, तेव्हा शिक्षा द्यायची तर मला दारात उभं करा. त्या मुलीला मी काही लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही.

मला उशी कडक लागते, मऊ नको.

आदिना आत्या

*

अश्दोद, २० ऑक्टोबर २०२२

चि. बेला,

शालोम. सुखरूप पोचले. तू बांधून दिलेलं सुकं खोबरं विमानतळावर तीन जणांनी तपासलं. त्यांनी विचारलं नाही, मी त्यांना तसं सांगितलंही.

तीन आठवडे तुझ्या घरी राहून मी फारसं बोलले नाही, हे तुला विचित्र वाटलं असेल. आल्या दिवशी दारात मी हात पसरले आणि इनॉक एक पाऊल मागे सरकला, "आत्या, विचारलं नाहीस" म्हणाला, ते तू बघितलंस. तू हसू दाबलंस तेही मी बघितलं. मला राग आला होता. बहात्तराव्या वर्षी, चार हजार किलोमीटर येऊन, ज्याला मांडीवर वाढवलं त्याची परवानगी मागायची? मी ठरवलं, नाही मागणार. आणि तोही गडी असा की रोज सकाळी माझ्यासमोर बरोबर एक हात लांब बसून चहा प्यायचा, बिस्किटाची बशी पुढे ढकलायचा आणि वाट बघायचा.

उपवासाच्या दिवसाचं अर्धं तू पाहिलंच नाहीस, कारण तू आत मनुकांच्या सरबताशी झटत होतीस. म्हणून लिहिते. अध्यक्षांनी त्याला येऊ दिलं ते माझ्या पत्रामुळे, असं मी तीन आठवडे समजत होते. शेवटी त्यांनीच सांगितलं, तसं नाही. सुमतीबाई येऊन बसल्या होत्या आणि म्हणाल्या, कमिटीने ठरवण्याआधी बायकांना विचारा. त्यांनी सिनेगॉगमधल्या एकेका बाईला विचारलं. कोणी हो म्हटलं, कोणी म्हणाली येऊ दे पण माझ्या जवळ नको, आणि त्यातल्याच मिताली नावाच्या एकीने अट घातली की जेकबने त्याच्या शेजारून हलायचं नाही. म्हणून जेकब दिवसभर त्याला चिकटून होता. मला वाटलं होतं, भूक लागून आधार धरला आहे.

संध्याकाळी दार बंद झालं, शोफारचं शिंग वाजलं, सगळे अंगणात आले. बाहेर रस्त्यावर दसऱ्याच्या मिरवणुकीचे ढोल, आत आपण पांढरे कपडे घालून उपाशी. हातबोशी सुरू झाली. दरवर्षी ती दोन मिनिटांत होते, कारण सगळ्यांचं लक्ष सरबताकडे असतं. यंदा इनॉक होता. तो प्रत्येकासमोर जायचा, हात लांब करून अंतर बघायचा, विचारायचा, "चालेल का?" उत्तर येईपर्यंत थांबायचा. मग हात हातात घ्यायचा, बोटं ओठांना लावायची, पुढचा. बायकांच्या बाजूला तो गेलाच नाही, तिथून ज्या स्वतः आल्या त्यांनाच विचारलं. मितालीही आली. त्याने विचारलं. ती म्हणाली, "नको." तो म्हणाला, "बरं," आणि पुढे गेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, का ते मला ठाऊक नाही. मागून कोणीतरी म्हणालं, लवकर करा रे, उद्याचा उपवास लागेल. पण कोणी रांग मोडली नाही.

मी शेवटी उभी होते. तो समोर आला. तोंड उघडणार तोच मी म्हटलं, "इनॉक, मी विचारते. तुला जवळ घेतलं तर चालेल का?"

बेला, त्याने माझ्याकडे नीट बघितलं. घाई केली नाही. आणि म्हणाला, "आज नको, आत्या. भूक लागलीय."

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. मी एक पाऊल मागे आले आणि म्हणाले, "बरं."

तू सरबत घेऊन बाहेर आलीस तेव्हा मी रडत होते आणि तू समजलीस, आत्याला उपवास झेपला नाही. मी तसंच समजू दिलं. खरं तर मला वाईट वाटलं होतं, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला होता. जन्मभर सगळे ज्याला हो म्हणायला शिकवत होते, तो मला नको म्हणाला.

आदिना आत्या

*

खांदा कॉलनी, १६ नोव्हेंबर २०२२

ती. आदिना आत्या,

शालोम. पत्र वाचून दाखवायचं का असं इनॉकला विचारलं. हो म्हणाला. दोनदा वाचून घेतलं. भूक लागली होती हे खरं आहे, असं त्याने जेकबला बजावून सांगितलं.

केस चालू आहे, चालू राहील. सुमतीबाई म्हणतात, आणखी वर्षभर गट सोडायचा नाही, आणि आम्ही सोडणार नाही. अंकिता आता दुपारी दुकान उघडते, भामाबाईंनी सांगितलं, त्यांचं रक्तदाबाचं औषध तिथलंच आहे. आम्ही अजून स्टेशनला प्रदक्षिणा घालूनच जातो. तो रस्ता बंदच राहील, आणि ते बरोबर आहे. इनॉकला भामाबाईंच्या नर्सरीत झाडांना पाणी घालायचं काम मिळालं आहे, महादेवबरोबर. पहिल्या दिवशी त्याने एका जास्वंदीला विचारलं. महादेव म्हणाला, "झाराला नको इचारू, त्यो सुकंल."

ता. क. इनॉक शेजारी उभा आहे आणि सांगतो आहे तसंच लिहिते: "आदिना आत्या, तू विचारलं होतंस. तेव्हा नको होतं. आता चालेल. ये."

मी त्याला सांगितलं, आत्या फार लांब आहे, लगेच नाही येता येणार.

"बरं," म्हणाला, आणि दाराशी जाऊन बसला.

तुझी,
बेला